डब्यातलं नाणं हातात आल्यावर: नवख्या संग्राहकासाठी

नाणं घासू नका. बाकी सगळं सावकाश शिकता येतं, ही चूक मात्र दुरुस्त करता येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला चौरंगावर राणीछाप अकरा रुपये मांडायची पद्धत होती. दर दिवाळीला ते चिंच आणि रांगोळीने लख्ख घासले जायचे. पुढे कधीतरी त्यातला एक मी भिंगाखाली धरला. राणीच्या गालावर शेकडो बारीक ओरखडे होते, रोज घासलेल्या स्टीलच्या ताटावर असतात तसे. केसांच्या बटा सपाट झालेल्या. त्या अकरांत १८४०चा एक होता, आणि तोही तसाच घासला गेलेला. चांदीवर चढलेली काळसर-निळसर झाक किंवा तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो थर धातूला सांभाळतो, आणि जाणकार आधी तोच पाहतात. माती चिकटली असेल तर नाणं साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मऊ कापडावर टिपून घ्या, चोळू नका. पूजेचे रुपये पूजेचेच राहू द्या, त्यांना हळदकुंकू लागू दे. संग्रहाचे वेगळे ठेवा.

जवळ काय हवं

सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, व्यास मोजायला कॅलिपर आणि एक लोहचुंबक. चारही वस्तू मिळून फार खर्च होत नाही. पहिलं नाणं विकत घेण्याआधी या घ्या, कारण पहिलं नाणं बहुतेकांना महागात पडतं. नाणं नेहमी कडेला धरायचं, अंगठा आणि तर्जनीत, आणि खाली टॉवेल पसरलेला असावा. फरशीवर एकदा पडलं की कडेला ठेच येते, आणि ती ठेच किंमत खाते.

पहिली पायरी: नाणं वाचा

नवखा माणूस नाणं बघतो आणि लगेच विचारतो, 'केवढ्याला जाईल?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी नाण्यावर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवा: लिपी कोणती, नाव कोणाचं, वर्ष कुठलं, किंमत काय.

वर्ष वाचताना गफलत होते, कारण सगळी वर्षं इसवी सनातली नसतात. मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली सिक्का हमखास निघतो. चारमिनारचं चित्र, उर्दू-फारसी मजकूर आणि वर्ष हिजरी. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १३३० असेल तर १९१२च्या आसपास. बडोद्याच्या सयाजीरावांच्या नाण्यावर देवनागरी आहे, पण वर्ष संवत्. त्यातून ५७ वजा करा. गोव्यातल्या घरात १८८१-८२चा, राजा लुईसचा मुखवटा असलेला पोर्तुगीज रुपिया निघाला तर लिपी रोमन आणि सन इसवी, वाचायला सोपा. वजन मात्र इंग्रजी रुपयाइतकंच, कारण त्या सुमारास गोव्याचं चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळवून घेतलं गेलं होतं.

जुन्या संसारातली नावंही माहीत असू द्या, कारण म्हातारी माणसं त्याच नावांनी सांगतात: आणेली, चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार, अधेली म्हणजे आठ. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. हा हिशेब १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली तेव्हा मोडला, आणि पुढे १९६४ पर्यंतच्या पैशांवर 'नये पैसे' असं लिहिलेलं सापडतं.

इंग्रजी रुपया: सराव इथेच करा

हात बसवायला चांदीचा इंग्रजी रुपया सगळ्यात चांगला. मुबलक आहे, त्याची मापं ठरलेली आहेत आणि त्यावर लक्ष देऊन पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

१८३५ साली कंपनीने सगळ्या मुलुखात एकच रुपया चालू केला. त्यावर चौथा विल्यम. १८४०च्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया, आणि इथे पहिला बारकावा लागतो. काही रुपयांवर राणीचं नाव डोक्यावरून सलग फिरलंय, तर काहींवर 'व्हिक्टोरिया' एका बाजूला आणि 'क्वीन' दुसऱ्या बाजूला. एकाच वर्षाची ही दोन वेगळी नाणी आहेत, वहीत वेगवेगळी लिहा. १८६२ पासून मुकुटधारी राणी येते. गंमत म्हणजे रुपयावर १८६२ हेच वर्ष पुढे १८७४ पर्यंत छापलं जात होतं. मुंबईच्या टाकसाळीने मधली वर्षं ओळखू यावीत म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले. आजोबांच्या डब्यातले चार '१८६२' चार वेगळ्या वर्षांचे असू शकतात. भिंग घ्या आणि वर्षाच्या वर-खाली ठिपके मोजा. एक अख्खी दुपार यात सुखाने जाते. १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं, १९०३ पासून सातवा एडवर्ड, १९११ला पाचवा जॉर्ज.

त्या १९११च्या रुपयाची गोष्ट पाठच करून ठेवा, कारण दर्जा कसा बघायचा हेही ती शिकवते. राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. १९११च्या ठशात त्याची सोंड आणि पाय इतके आखूड आले की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून नाराजी उठली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२च्या ठशात हत्तीला नीट सोंड मिळाली. म्हणून १९११चा रुपया कमी दिसतो. आता तुमच्या हातातला जॉर्जचा कोणताही रुपया भिंगाखाली धरा आणि तो हत्ती शोधा. सोंड स्वच्छ दिसत असेल तर रुपया फारसा फिरलेला नाही. हत्तीचा नुसता गोळा झाला असेल तर तो हजारो हातांतून गेलाय. व्हिक्टोरियाच्या बाबतीत हेच काम तिच्या अंगरख्यावरची फुलांची नक्षी आणि कानाजवळचे केस करतात. झीज आधी उंच भागांवर दिसते.

टाकसाळीची खूण शोधायला मागची बाजू पाहा. जॉर्जच्या रुपयावर खालच्या फुलापाशी बारीक टिंब असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कलकत्ता. इतर काही नाण्यांवर मुंबईसाठी इंग्रजी 'बी' अक्षर येतं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाहोरची टाकसाळ सुरू झाली तिच्यासाठी 'एल'.

दुसरी पायरी: तोला, बुडवा, ऐका

रुपयाचं मूळ वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी शेकडा ९१.७. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२. झिजलेला रुपया ११.४ भरला तर नवल नाही. पण वर छापाची धार कायम आणि वजन १०.५, असं दिसलं की थांबा.

त्यानंतर पाण्याची चाचणी. ही मी प्रत्येक नवख्याला स्वतःसमोर करायला लावतो. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. रुपयाला शिवणाचा दोरा बांधून तो पाण्यात असा सोडा की पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला लागणार नाही. काट्यावर जो आकडा येईल त्याने रुपयाच्या कोरड्या वजनाला भागा. ११.६६ ग्रॅमचा चांगला रुपया पाण्यात १.१३च्या जवळ आकडा दाखवतो, भागाकार १०.३ च्या आसपास. जर्मन सिल्व्हर वगैरे मिश्रधातूचा बनाव असेल तर भागाकार ९ च्याही खाली येतो. रुपयाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी हलकेच झटका, नाहीतर आकडा फसवतो.

चुंबकाबद्दल एक गैरसमज आहे. 'चुंबकाला चिकटलं की खोटं' हे चांदीपुरतं बरोबर, पण १९४७चा वाघाचा रुपया निकेलचा आहे आणि तो अस्सल असला की चुंबकाला चिकटतोच. म्हणजे कोणत्या वर्षी कोणता धातू होता हे आधी माहीत हवं. चांदीचं प्रमाण १९४०मध्ये निम्म्यावर आलं, म्हणून सहाव्या जॉर्जचे १९४० ते ४५चे रुपये चांदीच्या भावात व्हिक्टोरियाच्या बरोबरीने मोजू नका. त्या रुपयांची कडही वेगळी आहे: दातांच्या मधोमध फिरणारी एक खाच दिसते.

कड तर नेहमीच पाहा. ओतून केलेल्या खोट्या नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ राहते, आणि पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं. अक्षरांचे कोपरे साबणासारखे गुळगुळीत होतात. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं सपाटीतून ताठ उभी राहतात. आवाजही ओळखता येतो. 'बंदा रुपया' आणि 'खणखणीत' हे शब्द उगाच आलेले नाहीत. बोटाच्या टोकावर रुपया तोलून दुसऱ्या नाण्याने कडेला हलकेच टिचकी दिली की चांदी लांबवर किणकिणत राहते. तडा गेलेला किंवा ओतीव रुपया बद्द वाजतो. पण अस्सल रुपयाचा आवाज आधी वीस वेळा ऐकलेला हवा, तरच फरक कळतो.

१९३९चा रुपया अत्यंत दुर्मीळ आहे आणि म्हणूनच १९३८च्या शेवटच्या ८ चा ९ करून तो विकला जातो. शेवटच्या आकड्याभोवतीची सपाटी बाकीच्या सपाटीपेक्षा वेगळी चकाकते का, आकड्याची उंची इतरांसारखी आहे का, हे भिंगातून पाहा. मी एकदा असाच एक रुपया घाईत घेतला होता. विक्रेता बोलायला फार गोड होता आणि प्रकाश कमी होता. तेव्हापासून उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय मी महाग नाणं घेत नाही.

शिवराई

महाराष्ट्रात हा छंद बहुतेकांना शिवराईपासून लागतो, आणि फसवणूकही इथेच जास्त होते. तांब्याची शिवराई: एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति'. शिवाजी महाराजांच्या १६७४च्या राज्याभिषेकाशी तिची सुरुवात जोडली जाते. सुरुवातीच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, कडेला ठिपक्यांचं वर्तुळ असलेल्या.

पण महाराजांच्या नावाची ही नाणी त्यांच्यानंतर दीडशे वर्षं निरनिराळ्या ठिकाणी पाडली जात होती. त्यातली सगळ्यात जास्त सापडते ती दुदांडी, म्हणजे 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली. ती पेशवाईच्या काळातली. 'महाराजांनी स्वतः पाडलेलं नाणं' म्हणून दुदांडी कोणी हजारोंना देऊ लागला तर हात जोडून निघा. साधी, झिजलेली दुदांडी आजही काही शे रुपयांत मिळते, आणि ती घ्यायला काहीच हरकत नाही. माझं सगळ्यात आवडतं नाणं तीच आहे. पाटलापासून कोळणीपर्यंत सगळ्यांच्या कनवटीला ती राहिलेली आहे.

शिवराई वाचताना लक्षात ठेवा की ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असे, म्हणून पूर्ण मजकूर क्वचितच येतो. कुठे 'श्री' अर्धा, कुठे 'पति'चा वेलांटीचा शेंडा कापलेला. दोन्ही बाजूंचा मजकूर पूर्ण आणि मध्यभागी आला असेल तर त्याच नाण्याची किंमत कितीतरी पट होते. एक सराव सांगतो: कागद ठेवून नाण्याचा पेन्सिलने घासून ठसा घ्या, आणि दहा शिवरायांचे 'श्री' शेजारी शेजारी लावा. प्रत्येक ठसा कोरणाऱ्याचा हात वेगळा दिसेल. मग बनावट शिवराईचं अक्षर लगेच खटकतं, कारण ते फार सारखं, फार सुबक असतं, आणि तांबं वरवर काळं केलेलं असतं.

सोन्याचा शिवराई होन साधारण पावणेतीन ग्रॅमचा. अस्सल होन मोजकेच उरले आहेत. जत्रेत, गडाच्या पायथ्याला किंवा फोनवरच्या फोटोत दिसलेला होन खरा नाही असंच धरून चाला.

जी नाणी नाहीत ती

आता टोकन, बिल्ले आणि देवाच्या मुद्रा. यांतल्या काही मनापासून जमवाव्यात अशा आहेत, फक्त त्या काय आहेत ते कळायला हवं.

रामटंका ही देवघरात ठेवायची मुद्रा, राम-सीता-लक्ष्मण आणि पायाशी हनुमान. ती व्यवहारात चालली नाही. जुन्या, चांदीच्या, हाताने कोरलेल्या ठशाच्या रामटंका सुंदर असतात. पण तांब्याच्या जाड चकतीवर एकीकडे रामदरबार, दुसरीकडे 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आना' आणि १८१८ किंवा १६१६ असं वर्ष, हा प्रकार अलीकडचा बनाव आहे. साधा इतिहास लावून पाहा: मुंबई बेट कंपनीच्या हातात आलं १६६८मध्ये, मग १६१६ला ती आण्यात नाणी कुठून पाडणार? मद्रासकडे कंपनीच्या सोन्याच्या होनांवर देवाची मूर्ती असे हे खरं, पण ती बारीक सोन्याची नाणी. मुंबईकडच्या तांब्याच्या खऱ्या नाण्यांवर कंपनीचं चिन्ह आणि दुसरीकडे तराजू दिसतो, तराजूखाली फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. तराजूचा पैसा ठेवा, रामदरबाराचा 'हाफ आना' पैसे देऊन घेऊ नका.

तांदूळ ओढणारं नाणं नावाचा प्रकार तर सरळ गुन्हा आहे. 'इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोटी देईल, आधी तपासणीचे पैसे भरा' असं सांगून माणसांची घरं धुऊन नेली आहेत. तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं अस्तित्वात नाही.

आणि पुतळी. आजीच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेतली चकती नीट पाहिलीत तर एक माणूस गुडघे टेकून उभ्या संताकडून झेंडा घेताना दिसेल, आणि मागे लंबगोलात ताऱ्यांच्या मध्ये उभी आकृती. हा व्हेनिसचा डकाट. तिथला राज्यप्रमुख, संत मार्क आणि येशू. व्यापारातून हे सोनं इथे आलं, वरच्या आकृत्यांवरून त्याला पुतळी म्हणू लागले, आणि आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. नकलांवरची लॅटिन अक्षरं नुसत्या उभ्या-आडव्या रेघा झालेली असतात. अस्सल डकाट साडेतीन ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा. कडी डाखलेली असेल तर संग्राहक कमी देतो, पण ती माळ मोडून विकायचा विचारही करू नका.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांबद्दल थोडक्यात. वर्षाखाली चौकट हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. १९८५मध्ये काही नाणी परदेशात पाडून आणली, त्यांतल्या बर्मिंगहॅमच्या नाण्यांवर 'एच' अक्षर आहे. सुट्ट्या पैशांतून हा संच जमवणं हा लहान मुलांना छंद लावायचा उत्तम मार्ग. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतात ही मात्र अफवा. जुनी नाणी विकत घेतो असं सांगून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये जाहीर केलं होतं. विकण्यासाठी तुमच्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

शेवटी किंमत

जुनं म्हणजे महाग नव्हे. किंमत ठरते ती किती उरली आहेत, कशा स्थितीत आहेत आणि मागणारे किती आहेत यावर. व्हिक्टोरियाच्या साध्या वर्षाच्या झिजलेल्या रुपयात मुळातली १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी झिजेइतकी कमी भरते. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा, ही झाली खालची पायरी. त्याच वर्षाचा न फिरलेला रुपया त्याच्या कित्येक पट जातो. भोक पाडलेला, कडी लावलेला, घासलेला असेल तर पुन्हा चांदीपाशीच.

भाव पाहायचा तर लिलावात प्रत्यक्ष विकलेल्या नाण्यांचे आकडे पाहा. जाहिरातीत मागितलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते. तुमच्या नाण्याच्या स्थितीचीच तीन-चार नाणी शोधा आणि मधला आकडा धरा. नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, पण पहिल्याच वेळी विकू नका. अस्सल नाणी डोळ्याखालून घालायची तर नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचा मोठा संग्रह आहे. तासभर काचेला नाक लावून उभे राहा, डोळा तयार होतो.

कायद्याच्या दोन गोष्टी. शेत नांगरताना किंवा पाया खणताना हंडा सापडला तर तो १८७८च्या निखात निधी कायद्याखाली येतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या लेकीला आजीची शिवराई सामानातून पाठवण्याआधी हे ध्यानात घ्या.

ठेवण कोरडी हवी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाच. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक काही वर्षांत हिरवट चिकटा सोडतं, त्याऐवजी कडक पारदर्शक पाकिटं वापरा. तांब्यावर हिरवी भुकटी सुटायला लागली तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा.

आणि प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी. माझ्याकडच्या एकीवर असं आहे: 'शिवराई, दुदांडी. तांबं, ९.४२ ग्रॅम. "राजा" पूर्ण, "श्री" अर्धा, "पति" स्वच्छ. मावशीच्या नणंदेकडून, तिच्या सासूच्या जात्याखाली सापडली. घासलेली नाही.'